इच्छामरणाचे कायदे आणि मनाची तपासणी

इच्छामरणाचा अर्ज करणारा माणूस एका दमात दोन गोष्टी सांगत असतो. होणारा त्रास आता सोसवत नाही, ही एक. आणि मरण मागण्याचा निर्णय पूर्ण विचारांती, शुद्ध बुद्धीने घेतला आहे, ही दुसरी. अडचण अशी, की पहिली गोष्ट जितकी पटते तितकी दुसरीविषयी शंका बळावते. इतका त्रास सोसणाऱ्याचे मन थाऱ्यावर राहिले असेल का, हा प्रश्न डॉक्टरच्या, नातेवाइकांच्या आणि न्यायाधीशाच्या मनात येतोच. त्यात मृत्यूचे विचार हे नैराश्याच्या निदानातले एक अधिकृत लक्षण. तापात अंग तापावे तसे तीव्र नैराश्यात मरण जवळचे वाटू लागते, आणि उपचारांनी नैराश्य ओसरल्यावर अनेक रुग्णांना आपलेच आधीचे बोलणे परक्याचे वाटते. उलट, असाध्य कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यावर सुटका मागणारा प्रत्येक जण मनोरुग्ण असतो असे धरून चालणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान ठरतो. मागणे माणसाचे की आजाराचे, या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी अटी, तपासण्या, मुदती आणि समित्या रचल्या. मानसिक आरोग्याच्या संरक्षक तरतुदी म्हणतात त्या याच.

मराठीला हा भेद नवा नाही. आत्महत्या, प्रायोपवेशन, संथारा, समाधी, देहत्याग हे शब्द मरणाच्या रीतीइतकेच मरणाऱ्याच्या मनःस्थितीवरून वेगळे झालेले आहेत. फेब्रुवारी १९६६ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी अन्नपाणी आणि औषध सोडून देह ठेवला. निराशेने जीव देणे निराळे आणि कार्य संपल्याच्या समाधानाने देह टाकणे निराळे, असे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनीही अन्न आणि औषध नाकारले. या मृत्यूंना समाजाने सहसा आत्महत्या म्हटले नाही, कारण त्या मनांविषयी लोकांची खात्री होती. सारे आयुष्य डोळ्यांपुढे घडलेले होते. कायद्यापुढे येणारा अर्जदार बहुधा अनोळखी असतो. तपासणाऱ्याच्या हाती एक फाइल असते आणि तासाभराची भेट.

इच्छामरणाचे आजचे कायदे ढोबळपणे दोन घराण्यांत मोडतात. पहिले घराणे अमेरिकेतील ओरेगन राज्याचे. तिथे १९९४ मध्ये मतदारांच्या कौलाने कायदा झाला आणि ऑक्टोबर १९९७ पासून तो अमलात आला. अर्जदार अठरा वर्षांवरील असावा, सहा महिन्यांत मृत्यू ओढवेल असा आजार असावा आणि औषध त्याने स्वतःच्या हाताने घ्यावे, या त्याच्या मुख्य अटी. अमेरिकेतील इतर राज्ये, ऑस्ट्रेलियातील राज्ये आणि न्यूझीलंड यांनी कमीअधिक फरकाने हीच चौकट घेतली. दुसरे घराणे नेदरलँड्स आणि बेल्जियमचे. तिथे मृत्यू जवळ आलेला असण्याची अट नाही. त्रास असह्य आहे का आणि त्यातून सुटण्याची काही वाट उरली आहे का, हे पाहिले जाते. मनाच्या तपासणीचे स्वरूप या मूळच्या फरकातून ठरते. ओरेगनच्या घराण्यात मानसिक आजार हा अर्जाच्या वाटेत येऊ शकणारा अडथळा आहे. नेदरलँड्सच्या घराण्यात तो अर्जाचे कारणही असू शकतो.

ओरेगनच्या कायद्यात दोन डॉक्टर अर्जदाराला तपासतात. दोघांपैकी कोणालाही वाटले की मानसिक विकाराने किंवा नैराश्याने याचा विवेक बिघडलेला असू शकतो, तर त्याने रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलेच पाहिजे, आणि तिकडून होकार येईपर्यंत औषधाची चिठ्ठी देता येत नाही. तरतूद कागदावर भक्कम आहे. तिचा सगळा भार मात्र ‘वाटले तर’ या दोन शब्दांवर आहे. ज्याला वाटायचे तो डॉक्टर बहुधा कर्करोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचा डॉक्टर असतो, आणि गंभीर आजारातले नैराश्य ओळखणे त्यालाही सोपे नसते. भूक मेलेली, झोप उडालेली, वजन घटलेले, कशात मन लागत नाही. ही लक्षणे नैराश्याची तशीच कर्करोगाचीही. राज्याच्या वार्षिक अहवालांत दरवर्षी शेकडो मृत्यूंची नोंद होते. तज्ज्ञाकडे पाठवलेल्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत एक आकडी राहिली आहे.

या ‘वाटण्या’ची परीक्षा तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ लिंडा गँझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. इच्छामरणासाठी विचारणा केलेल्या ५८ रुग्णांना त्यांनी स्वतंत्रपणे तपासले आणि निष्कर्ष २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. त्यांतले १५ जण नैराश्याच्या निकषांत बसत होते. पुढे १८ जणांना औषधाची चिठ्ठी मिळाली. त्यांपैकी तिघे निकषांप्रमाणे नैराश्यग्रस्त होते, आणि तिघांनीही ते औषध घेतले. आकडे लहान आहेत, पण दोन्ही बाजूंना पुरून उरतात. मरण मागणारे बहुतेक लोक नैराश्याने पछाडलेले असतात, हा विरोधकांचा दावा त्यांनी खोडला. नैराश्य असलेला रुग्ण चाळणीतून सुटत नाही, हा समर्थकांचा दावाही टिकला नाही. त्याआधी १९९६ मध्ये गँझिनींनीच ओरेगनमधील मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी केली होती. एकाच भेटीत रुग्णाचा विवेक मानसिक विकाराने बिघडला आहे की नाही हे आपण नीट सांगू शकू, अशी पक्की खात्री असणारे त्यांत फक्त ६ टक्के निघाले. ज्यांच्या सहीवर कायदा विसंबतो त्यांचेच हे आपल्या सहीविषयीचे मत, म्हणून या आकड्याला वजन आहे.

मग प्रत्येक अर्जदाराला सरसकट मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तर? हा प्रयोग ओरेगनच्याही आधी ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत होऊन गेला. तिथला १९९५ चा कायदा जुलै १९९६ मध्ये अमलात आला आणि मार्च १९९७ मध्ये संघीय संसदेने तो निष्प्रभ केला. मधल्या नऊ महिन्यांत चार माणसे त्या कायद्याखाली मरण पावली. उपचारांनी बरे होऊ शकणारे नैराश्य अर्जदाराला नाही, असा मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला प्रत्येकाला आणावा लागे. कायद्याचा लाभ घेऊ पाहणाऱ्या सात रुग्णांची हकिकत १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. तिच्या लेखकांत स्वतः अर्ज हाताळणारे डॉक्टर फिलिप निच्के हेही होते. तीत दिसते ते असे: वेदना हा या रुग्णांचा मुख्य प्रश्न नव्हता, थकवा, दुबळेपणा आणि नैराश्य यांचा वाटा मोठा होता. आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटीकडे हे रुग्ण ओलांडायचा अडथळा म्हणून पाहत होते.

अडथळा म्हणून पाहणारा माणूस मन मोकळे करत नाही. परीक्षेला बसल्यासारखा तो नेमकी उत्तरे देतो: झोप बरी लागते, कोणाचे दडपण नाही, पूर्वी कधी असा विचार मनात आला नव्हता. मानसोपचाराचे सगळे शास्त्र विश्वासाच्या नात्यावर उभे आहे, आणि सक्तीच्या तपासणीत तेच नाते पहिल्या मिनिटाला मोडते. तरीही हवाई राज्याने २०१९ पासून अमलात आलेल्या कायद्यात प्रत्येक अर्जदाराला मानसिक तपासणी बंधनकारक केली. तपासणी सर्वांनाच असली की ती कोणा एकावरचा संशय राहत नाही आणि रक्त तपासून घ्यावे तशी नित्याची होते, हा त्यामागचा विचार. तो अगदीच टाकाऊ नाही.

तपासायचे काय, हा पुढचा प्रश्न, आणि सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. कायदे मन निरोगी आहे का असे विचारत नाहीत. निर्णयक्षमता आहे का असे विचारतात. निर्णयक्षमतेची आजची मोजपट्टी मुख्यतः पॉल अ‍ॅपलबॉम आणि थॉमस ग्रिसो या दोन अमेरिकी अभ्यासकांच्या १९८० च्या दशकातील कामातून आली. तिचे चार भाग: सांगितलेली माहिती समजणे, ती स्वतःला लागू आहे हे उमगणे, पर्यायांची तुलना करून तर्क चालवणे आणि निवड सांगता येणे. इंग्लंडचा २००५ चा मानसिक क्षमता कायदाही जवळपास याच वाटेने जातो. फक्त माहिती लक्षात ठेवता येणे हे तो वेगळे मोजतो. क्षमता नसल्याचे सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच धरायचे, आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून तो घेणाऱ्याला अक्षम ठरवायचे नाही, ही त्या कायद्याची दोन सूत्रे.

स्मृतिभ्रंशासाठी किंवा भ्रमिष्ट अवस्थेसाठी ही मोजपट्टी बरी चालते. नैराश्यापुढे ती तोकडी पडते. खोल नैराश्यातला माणूस आजाराचे नाव सांगतो, पर्याय मोजून दाखवतो, उपचारांनी बरे वाटण्याची शक्यता किती हेही घोकल्यासारखे सांगतो. चारही खणांत बरोबरची खूण पडते. बिघाड असतो तो किमतीत. उद्याचा दिवस, नातवाचे येणे, खिडकीतले ऊन यांचे मोल त्याच्या लेखी शून्यावर आलेले असते, आणि शून्य धरून केलेला हिशेब तर्कदृष्ट्या अचूकच येतो. पण मोलांच्या या उतरणीला आजार म्हणायचे की खऱ्याखुऱ्या परिस्थितीचे भान, हे ठरवणारी चाचणी कोणाकडे नाही. आयुष्यभर स्वावलंबी राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घेणे नकोसे वाटते. त्याच्या बाबतीत ती मोले आजाराने आणलेली नसतात, त्याची स्वतःचीच असतात. म्हणून अनुभवी तपासणारे आजच्या उत्तरांपेक्षा माणसाच्या पूर्वायुष्याशी त्यांचा मेळ बसतो का, हे पाहतात. त्याला वेळ लागतो, आणि माणसाला आधीपासून ओळखणाऱ्यांशी बोलावे लागते. तासाभराच्या भेटीत ते मावत नाही.

मोजपट्टीचा हा तोकडेपणा ब्रिटनमधील ताज्या वादात पुढे आला. खासदार किम लेडबीटर यांचे इंग्लंड आणि वेल्ससाठीचे इच्छामरण विधेयक २० जून २०२५ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत होऊन लॉर्ड्सकडे गेले. मूळ मसुद्यात प्रत्येक अर्जावर उच्च न्यायालयाची मोहोर लागणार होती. ती काढून तिच्या जागी कायदेतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवा कार्यकर्ता अशा तिघांची समिती आली. मानसोपचारतज्ज्ञाला असे मानाचे पान मिळाल्यावर त्यांच्या व्यवसायाने ते आनंदाने स्वीकारावे अशी अपेक्षा होती. घडले उलटे. मतदानाच्या महिनाभर आधी रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने विधेयकाला आहे त्या रूपात पाठिंबा देता येणार नाही असे जाहीर केले. २००५ चा कायदा उपचारांच्या संमतीसारख्या निर्णयांसाठी बेतलेला आहे, मरणाच्या निर्णयासाठी नाही. गंभीर आजार हाच आत्महत्येचा धोका वाढवतो. आणि हे काम करायला पुरेसे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे, हे त्यांचे आक्षेप.

आता दुसऱ्या घराण्याकडे. तिथली कहाणी एका खोलीतून सुरू होते. १९९१ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये बाउदवाइन शाबो या मानसोपचारतज्ज्ञाकडे पन्नास वर्षांची एक स्त्री आली. तिचा एक मुलगा आत्महत्येने गेला होता, दुसरा कर्करोगाने. संसार आधीच मोडलेला. शरीराने ती धडधाकट होती. मुलांशेजारी विसावायचे, एवढेच तिचे म्हणणे होते. शाबो तिच्याशी अनेक आठवडे, तासन् तास बोलत राहिले. दुःखावर उपचार घेऊन पाहावेत असे त्यांनी सुचवले. तिने नकार दिला. त्यांनी अनेक सहकाऱ्यांची मते मागवली, बहुतेकांनी त्यांना दुजोरा दिला. सप्टेंबर अखेरीस शाबोंच्या मदतीने तिच्या घरी तिचा मृत्यू झाला आणि त्यांनी स्वतःच अधिकाऱ्यांना तसे कळवले.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून १९९४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की त्रासाचे मूळ शरीरात आहे की मनात, यावरून त्रास कमीजास्त ठरत नाही. मनाच्या यातनाही असह्य असू शकतात. पण अशा प्रकरणात जास्तीची सावधगिरी हवी. ज्या तज्ज्ञांची मते शाबोंनी घेतली त्यांतल्या एकानेही त्या बाईला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. सारे टिपणे वाचून बोलले होते. एवढ्या एका उणिवेवर न्यायालयाने शाबोंना दोषी ठरवले, शिक्षा मात्र दिली नाही. स्वतंत्र तज्ज्ञाने रुग्णाला समोर बसवून तपासले पाहिजे, हा नियम या निकालातून रुजला. त्याच निकालात दुसरेही एक वाक्य होते: उपचाराचा वास्तव पर्याय समोर असताना रुग्णाने तो मोकळेपणी नाकारला, तर मनाच्या त्रासाला निरुपाय म्हणता येणार नाही. कर्करोगाच्या रुग्णाला जी मुभा आहे ती मनोरुग्णाला नाही, असा त्याचा अर्थ. पक्षपात म्हणावा तर पक्षपात, संरक्षण म्हणावे तर संरक्षण.

नेदरलँड्सचा कायदा १ एप्रिल २००२ रोजी अमलात आला. मानसिक आजारासाठी त्यात वेगळे कलम नाही; जास्तीची सावधगिरी न्यायालयाच्या निकालांतून आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतून आली. नेहमीच्या सल्लागार डॉक्टरखेरीज त्या आजारातला जाणकार असा स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञ लागतो. अशा अर्जांतले बहुतेक मंजुरीपर्यंत पोचतच नाहीत. काही नाकारले जातात, काही रुग्ण स्वतःच मागे घेतात. तरी आकडा चढता आहे. केवळ मानसिक त्रासाच्या कारणावरून झालेले इच्छामरण २०२३ मध्ये १३८ होते, २०२४ मध्ये २१९. २०२४ मधील इच्छामरणांची एकूण संख्या ९,९५८.

यांतली माणसे कोण असतात? स्कॉट किम आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१४ मधील ६६ प्रकरणांचे अहवाल वाचून २०१६ मध्ये त्याचे उत्तर दिले. सत्तर टक्के स्त्रिया. निम्म्याहून अधिक नैराश्याच्या रुग्ण. ५६ टक्के प्रकरणांत एकटेपणाचा किंवा समाजापासून तुटल्याचा उल्लेख. जवळपास चौथ्या हिश्शात तपासणाऱ्या तज्ज्ञांचे आपसात एकमत नव्हते, आणि सात प्रकरणांत स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतलेलेच नव्हते. एकटेपणा हा कोणत्याही कायद्यातला निकष नाही. पण तो अहवालांच्या पानापानांवर आहे, आणि त्यावरचे औषध मानसोपचारतज्ज्ञाच्या कपाटात नसते.

बेल्जियमने २००२ च्या आपल्या कायद्यात ही सावधगिरी थेट लिहून ठेवली. मृत्यू नजीक नसेल तर तिसरा डॉक्टर हवा, मानसोपचारतज्ज्ञ किंवा त्या आजारातला विशेषज्ञ. आणि लेखी अर्जानंतर निदान एक महिना थांबायचे. हा महिना वर्षानुवर्षे आजारी असलेल्या माणसाच्या बाबतीत फारच तुटपुंजा आहे. २०१० मध्ये मरण पावलेल्या अडतीस वर्षांच्या एका स्त्रीच्या बहिणींनी तक्रार केली, तीन डॉक्टर गेंटच्या न्यायालयात उभे राहिले आणि जानेवारी २०२० मध्ये सुटले. त्याआधीच फ्लँडर्समधील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःहून नियम कडक केले. २०१७ च्या त्यांच्या सूचनांप्रमाणे निदान दोन मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि काम दोन रुळांवर चालायला हवे. एका रुळावर मरणाच्या अर्जाची तपासणी. दुसऱ्यावर जगण्याच्या वाटांचा शोध: राहून गेलेला उपचार, घर, माणसे, दिवस भरून काढील असे काही काम. एक रूळ चालू झाला म्हणून दुसरा बंद करायचा नाही. या सगळ्या वाङ्मयात कामाची अशी कल्पना दुसरी नाही. मरणाचा विषय डॉक्टरने गांभीर्याने घेतला म्हणून रुग्ण पहिल्यांदा मोकळेपणी बोलू लागला आणि पुढे त्याने अर्ज मागे घेतला, असे अनुभव तिथले चिकित्सक सांगतात.

नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन्ही देशांत पडताळणी समित्या मृत्यूनंतर बसतात. चूक सापडली तरी ती दुरुस्त होण्याजोगी नसते. शिवाय समितीत कोण बसले आहे, यालाही महत्त्व आहे. नैराश्याच्या एका रुग्णेला २०१२ मध्ये बेल्जियममध्ये इच्छामरण देण्यात आले. मुलाला दुसऱ्या दिवशी कळले. ज्या डॉक्टरने ते दिले तोच पडताळणी आयोगाचा सहअध्यक्ष होता. मुलाने नेलेल्या मॉर्टिए विरुद्ध बेल्जियम या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी कायदा आणि त्यातील पूर्वअटी ग्राह्य धरल्या, पण नंतरच्या चौकशीत स्वतंत्रता नव्हती म्हणून जीविताच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले.

स्वित्झर्लंडची तऱ्हा निराळी. तिथे इच्छामरणाचा असा कायदाच नाही. स्वार्थी हेतूने आत्महत्येस मदत करणे गुन्हा, एवढेच दंडसंहितेचे कलम ११५ सांगते आणि बाकीचे त्यातून आपोआप मोकळे राहते. २००६ मध्ये द्विध्रुवी विकाराच्या एका रुग्णाच्या प्रकरणात तिथल्या संघीय न्यायालयाने मानसिक आजार ही सरसकट बंदी होऊ शकत नाही असे म्हटले. मात्र मरणाची इच्छा हे विकाराचे लक्षण आहे की विचारपूर्वक, टिकून राहिलेला निर्णय आहे, हे सांगणारा सखोल मानसोपचार अहवाल आवश्यक ठरवला.

कॅनडाने सर्वांत लांबचा पल्ला घेतला आणि मध्येच थांबला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ मधील कार्टर निकालानंतर २०१६ मध्ये कायदा आला. मृत्यू दृष्टिपथात असण्याची अट २०२१ मध्ये काढली गेली आणि दोन मार्ग झाले. ज्यांचा मृत्यू जवळ नाही त्यांच्या तपासणीला निदान ९० दिवस. निव्वळ मानसिक आजाराच्या रुग्णांना तूर्त वगळले आणि त्यांच्यासाठी दार मार्च २०२३ मध्ये उघडायचे ठरले. ते आधी २०२४ पर्यंत आणि मग १७ मार्च २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आले. अडखळण्याचे कारण कायद्यातल्या एका शब्दात आहे: आजार असाध्य हवा. मोटर न्यूरॉन आजाराचा शेवट डॉक्टर सांगू शकतो. वीस वर्षांच्या नैराश्याचा रुग्ण एकविसाव्या वर्षी सुधारेल की नाही, हे मानसोपचारशास्त्राला आधी सांगता येत नाही. असाध्य म्हणजे आजवरचे उपचार हरले असे म्हणता येईल, पुढचेही हरतील असे नाही. आणि उपचार मिळालेच नसतील तर? मानसोपचारासाठी महिनोन् महिने रांगेत थांबावे लागणाऱ्या देशात असाध्यता आजाराची की व्यवस्थेची, हा प्रश्न संसदीय समितीपुढे पुनःपुन्हा आला आणि व्यवस्था तयार नाही असा निष्कर्ष समितीने जानेवारी २०२४ मध्ये दिला.

वेळ हे या सगळ्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत साधे संरक्षण. मरणाची इच्छा लाटेसारखी येते आणि ओसरते, हे आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. टिकलेली इच्छा आणि ओसरणारी इच्छा यांतला फरक थांबल्याशिवाय कळत नाही. ओरेगनमध्ये दोन तोंडी मागण्यांत पंधरा दिवस, ऑस्ट्रियात २०२२ पासून बारा आठवडे आणि मृत्यू जवळ असेल तर दोन. पण कायदा जुना होत जातो तशी मुदत आखडत जाते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये पंधरा दिवसांचे ४८ तास केले. त्याआधी ओरेगनने मुदतीपूर्वीच मृत्यू येईल अशांना सूट दिली होती. कारण माणुसकीचे आहे: वाट पाहताना रुग्ण वेदनेत मरत होते. शरीराने मरणासन्न असलेल्यांसाठी ते पटते. मनाच्या आजाराने अर्ज करणाऱ्याला मात्र पुढे वर्षे असतात, आणि म्हणून त्याच्या बाबतीत मुदत कमी करण्याला तसा आधार नाही.

भारतात इच्छामरण बेकायदा आहे. उपचार थांबवण्याची मुभा तेवढी आहे. तरीही हा प्रश्न इथल्या न्यायालयांपुढे मनाच्या आजाराच्या रूपाने आला. मुंबई पोलिसातील एक शिपाई अपघातानंतर मानसिक आजाराने ग्रासला आणि त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने भारतीय दंड संहितेचे ते कलम ३०९ च घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला तुरुंग नको, उपचार हवेत, असे निकाल सांगतो. ज्ञान कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कलम पुन्हा उभे केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यातला दात काढला: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही आणि सरकारने तिची काळजी घ्यायची. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ते कलम आलेच नाही.

केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणाचा २०११ चा निकाल आणि ९ मार्च २०१८ चा कॉमन कॉज निकाल यांनी दुसरी वाट मोकळी केली. असाध्य अवस्थेत कृत्रिम आधार नको, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मिळाला. असे इच्छापत्र करणारी व्यक्ती प्रौढ आणि सुदृढ मनाची असावी, अशी अट आहे. एकाच देशाच्या कायद्यात ही दोन गृहीतके शेजारी नांदतात: मरणाचा प्रयत्न केला तर मन ताणाखाली होते असे धरायचे, मरणाविषयी कागद केला तर मन सुदृढ होते असे धरायचे. २०१८ च्या निकालात डॉक्टरांच्या मंडळासाठी ज्या विशेष शाखांची नावे होती त्यांत मानसोपचारही होता. २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी करताना शाखांची नावे गळाली, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरेशी ठरली. कागद स्वेच्छेने, दडपणाशिवाय आणि पूर्ण समजून केला आहे अशी खात्री झाल्याचे त्याने लिहून द्यायचे असते. ती खात्री त्याने कशी करून घ्यावी, याविषयी नियमांत एक अक्षर नाही.